जुन्या कुलपातले आवाज

"यातले अजून जिवंत किती असतील?" उदयन सरांनी विचारलं.

लग्नाला साधारण किती पाहुणे येतील असं विचारावं, तसं त्यांनी ते चहाचा कप माझ्याकडे सरकवत विचारलं. मी म्हणाले, "माहीत नाही, सर. रुग्णालयाला विचारावं लागेल."

"रुग्णालयाला विचारायचं नाही," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तर बसलोय आपण."

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. कंपनीचे मालक उदयन चौगुले, माझ्याआधीपासून तिथं काम करणारा निनाद बिरनाळे, आणि मी. सांगलीत विश्रामबागला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. काम मात्र असं होतं, की कुणी विचारलं की मी जरा जास्तच मोठ्यानं सांगायचे. घशाचा कॅन्सर झालेल्या माणसाचं कधीकधी स्वरयंत्रच काढावं लागतं. ऑपरेशनच्या आधी आम्ही त्याच्याकडून ठरावीक वाक्यं म्हणून घ्यायचो आणि त्यावरून त्याचा आवाज संगणकात तयार करायचो. ऑपरेशननंतर तो माणूस फोनवर टाइप करायचा आणि फोन त्याच्या आवाजात बोलायचा. वाचताना अडखळणाऱ्यांना मी एकेक वाक्य म्हणून दाखवायचे आणि ते माझ्या मागून म्हणायचे. पुष्कळदा ती त्यांची शेवटची वाक्यं असायची.

तयार झालेला आवाज माणसाच्या फोनमध्ये जायचा आणि त्याची एक प्रत आमच्या सर्व्हरवर, कुलूपबंद, राहायची. हे कुलूप आमचं नव्हतं. असली अवघड गणितं करणारा कोड जगात काही जाणकार लोक लिहितात आणि बाकीचे तो तयार घेऊन आपल्या प्रोग्रॅमला जोडतात. त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या लायब्ररीची आवृत्ती जुनी होती. तिच्या कुलपाला भोक असल्याचं जगजाहीर झालं होतं. मी नोकरीला लागल्यापासून 'बदलू या, बदलू या' म्हणत होते आणि सर म्हणायचे, "चाललंय ना? मग चालू दे."

आता रुग्णालयानं बाहेरचा तपासनीस नेमला होता. त्यानं कळवलं होतं, की नवी आवृत्ती घाला, नाहीतर करार संपला.

आवृत्ती बदलणं म्हणजे तसं पाहिलं तर एका फाइलमधला एक आकडा बदलणं. पण नव्या लायब्ररीनं जुन्या पद्धतीचं कुलूप उघडणंच बंद केलं होतं. म्हणून आधी सगळे जुने आवाज जुन्या चावीनं उघडायचे, नव्या कुलपात ठेवायचे आणि मग आकडा बदलायचा, असं मी सरांना समजावून सांगत होते. आठवडाभराचं काम होतं.

"वेळेचा प्रश्नच नाही, विनया," सर म्हणाले. "आवाज नव्या कुलपात हलवले म्हणजे ते आधी जुन्यात होते हे दिसणार. मग तो तपासनीस विचारणार, भोक माहीत असताना इतके दिवस का ठेवले? मग रुग्णालय घरोघर कळवत बसणार, की तुमचा आवाज कुणीतरी चोरला असेल. त्यानंतर दुसरं कुठलं रुग्णालय आपल्याला दारात उभं करेल?"

"पण मग करायचं काय?"

"जुन्या कुलपात काही नव्हतंच, असं करायचं. जुनी चावी पुसून टाकायची. बॅकअपमधलीसुद्धा."

मला वाटलं त्यांना कळलेलं नाही. मी म्हणाले, "सर, चावी गेली की ते आवाज गेले. पुन्हा कुणालाच उघडता येणार नाहीत. आपल्यालाही."

"त्यांच्या फोनमध्ये आहेत ना?"

"फोन पडतात, सर. हरवतात."

सर हसले. समजूतदार, मायाळू हसले. "अगं, ही माणसं अशी किती वर्षं फोन वापरणार आहेत?"

निनाद कपात बघत होता.

"तू करशील हे काम?" सरांनी मला विचारलं.

"नाही."

"बरं." त्यांना जरासुद्धा राग आला नाही. त्यांना कधी राग यायचाच नाही. "निनाद करेल. तू चहा घे, गार होतोय."

मी जागेवर येऊन बसेपर्यंत सर्व्हरवरचा माझा प्रवेश बंद झालेला होता. मी निनादच्या टेबलाशी गेले. "नको करूस," म्हणाले. "त्यातले निम्मे आवाज तू स्वतः घेतलेले आहेत."

"तू नाही म्हणू शकतेस," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुला उद्या पुण्यात कुणीही घेईल. माझं शिक्षण अर्धवट सुटलेलं, मला या माणसानं उभं केलंय."

"निनाद, ती माणसं..."

"विनया, जा ना. प्लीज."

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला, झाकणात भाजी काढली आणि म्हणाला, "झालं." मग झाकण माझ्यापुढं धरलं. "दोडका आहे. घेतेस?"

तपासनिसाला आमच्याकडं एकही दोष सापडला नाही. सरांनी सगळ्यांना कंदी पेढे वाटले आणि मला स्वतःच्या हातानं दोन दिले. मी दुसरी नोकरी बघायला लागले होते, पण ती मिळण्याआधी माळगे आले.

श्रीपती माळगे ट्रक ड्रायव्हर. जतकडचे. सगळी उमर त्यांनी द्राक्षं आणि बेदाणा घेऊन उत्तरेला जाण्यात घालवली होती. गळ्यातलं श्वासाचं भोक झाकायला त्यांनी मफलर गुंडाळला होता आणि हातात शाळेतल्या मुलांची असते तसली पाटी होती. बरोबर त्यांची बायको आक्काताई. बोलायचं काम त्याच करत होत्या.

"फोन हिरीत पडला ह्येंचा," त्या मला म्हणाल्या. "मोटर बगायला वाकलं, आन् खिशातनं गेला. पोरानं नवा फोन घिऊन दिलाय. डाक्टर म्हनलं, सांगलीला जावा, तितं आवाज ठेवलेला असतोय. भरून देत्यात म्हनं."

मी त्यांना बसायला सांगितलं. पाणी दिलं. माळग्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं धरली. 'नातीला हाक मारायची हाय.'

"बारकीला आज्जाची लई सवय," आक्काताई म्हणाल्या. "फोन न्हाई म्हटल्यावर ती बी गप, हे बी गप. आन् मला तर काय वो, ताई. लगीन झाल्यापासनं मी ह्येंच्या आवाजासंगंच संसार केलाय. मानूस कवा घरात? महिन्या-महिन्यानं यायचं. पन कुठंबी असूंदे, दिल्ली असूंदे न्हाईतर कलकत्ता, धाब्यावरनं फोन यायाचाच. त्यावर दीस ढकललं. आपरेशन ठरलं तवा बी मला आवाजाचंच वंगाळ वाटलं. मग तुमी लोकानी ठेवला. देव भेटल्यागत झालं."

मी केबिनमध्ये गेले. निनाद तिथंच होता. मी सरांना सांगितलं, की कोण आलंय आणि काय हवंय. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं, माळग्यांना हात केला, माळग्यांनीही हात जोडले.

"निनाद, नव्या कुलपातला एखादा वयस्कर आवाज काढ," सर म्हणाले. "गावाकडचा. भरून दे त्यांच्या फोनमध्ये."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हणाले, "सर, दुसऱ्या माणसाचा आवाज? त्यांना कळणार नाही?"

"स्वतःचा आवाज स्वतःला ओळखता येत नाही, विनया. तू कधी तुझा रेकॉर्डिंगमधला आवाज ऐकलास? 'ई, ही मी आहे?' असंच म्हणाली असशील. आणि या माणसानं तर किती दिवसांत तो ऐकलेलाही नाही."

"मी त्यांना खरं सांगणार."

"सांग की." त्यांनी दाराकडं हात केला. "बाहेरच बसलेत. जा, सांग. तुमचा आवाज आम्ही पुसला, आता मरेपर्यंत तो मिळणार नाही, नातीला टाळ्या वाजवून बोलवा. जा. मी अडवतोय का?"

मी गेले. खरंच गेले. माळगे नवा फोन पुसत बसले होते. त्यांच्यासमोर मी खाली उकिडवी बसले आणि म्हणाले, "काका, तुमच्या आवाजाचं असं झालंय, की..."

आक्काताई पुढं झुकल्या. माळग्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. ड्रायव्हरचे डोळे. लांबचं बघणारे. त्या डोळ्यांत बघत वाक्य कसं पुरं करायचं ते मी शोधत होते, तेवढ्यात सर मागून आले. त्यांनी माळग्यांच्या हातातला फोन अलगद घेतला, "दोन मिनिटं हं, काका," म्हणाले आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमची विनया फार हळवी आहे. थोडा उशीर होणार म्हणून तिला वाईट वाटतंय."

आक्काताई म्हणाल्या, "हुंदे की उशीर. आमाला काय घाई न्हाई."

मी पुन्हा तोंड उघडलं. पण आता मी काय बोलले असते? माझ्याकडं त्यांना देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

सर फोन घेऊन आले. "घ्या. आला तुमचा आवाज!"

माळग्यांनी जाड बोटांनी हळूहळू टाइप केलं. फोन बोलला:

"आक्का."

तो आवाज मी ओळखला. बागणीचे देसाई. निवृत्त पोस्टमन होते. नवं कुलूप आल्यावर त्यांची वाक्यं मीच घेतली होती. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत, त्यांचा आवाज कुणी वापरलाच नव्हता. आता तो माळग्यांच्या मुठीतून येत होता.

आक्काताईंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच थांबलं. त्यांनी फोनकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. माळगे त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी पुन्हा टाइप केलं.

"माझाच हाय न्हवं?" देसाई म्हणाले.

आक्काताईंनी पदर तोंडावर धरला. क्षणभर मला वाटलं त्या आता ओरडतील, फोन फेकतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी पदर खाली घेतला तेव्हा त्यांचं तोंड हसत होतं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "तुमचाच. दुसऱ्या कुनाचा असतुया?"

माळग्यांच्या छातीतून एक मोठा श्वास मफलरमधून बाहेर पडला. ते रडत होते. उदयन सरांनी त्यांना मिठी मारली. मग माळगे फोनवर टाइप करतच राहिले, नातीचं नाव, आपल्या ट्रकचं नाव, पेट्रोल पंपावरच्या कुणाचं तरी नाव, आणि देसाई ते सगळं म्हणत राहिले.

आक्काताईंनी मला संडास कुठं आहे ते विचारलं. मी दाखवायला गेले. जिन्याच्या वळणावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"कोन हाय ह्यो मानूस?"

मी मागं ऑफिसच्या दाराकडं बघितलं.

"सांग, पोरी. आता जल्मभर घरात बोलनार हाय. मला ठावं नगं?"

"देसाई," मी म्हणाले. "बागणीचे."

"जिता हाय?"

"नाही."

त्यांनी मनगट सोडलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाजारात गाठ पडाय नगं."

मी त्यांना सगळं सांगितलं. चावीचं, लायब्ररीचं, सरांचं. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली. "म्हंजी ह्येंचा आवाज न्हाईच आता? कुठंच?"

"नाही."

"ह्येस्नी सांगू नगंस," त्या म्हणाल्या आणि तोंड धुवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला आणि रुग्णालयाला तक्रार पाठवली. माळग्यांचं नाव त्यात नव्हतं. पण कुठली तरी खरी घटना सांगितल्याशिवाय तिथले अधिकारी ऐकायलाच तयार होईनात. डॉक्टर व्हनमाने त्यांचं नाव. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "एखादा रुग्ण दाखवा, ज्याचा आवाज गेला." मी शेवटी नाव सांगितलं, आणि हात जोडून सांगितलं, की फक्त बाईंना एकटीला बोलवा. नवऱ्यासमोर विचारू नका.

"रुग्ण कोण आहे? तो की ती?" डॉक्टर म्हणाले. "रुग्णाला विचारल्याशिवाय मी कसा निर्णय घेऊ?"

त्यांनी दोघांनाही बोलावलं. उदयन सरांनाही. निनादलाही.

लांबट टेबलाच्या एका बाजूला मी एकटी होते. निनादनं म्हणायचं तेवढंच म्हटलं, की जुन्या पद्धतीत काहीही शिल्लक नव्हतं, तपासनिसानं बघितलंय. सर माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. "हुशार मुलगी आहे. मृत्यूच्या इतकं जवळ बसून काम करायचं म्हणजे मनावर ताण येतो. मीच तिला आधी सुट्टी द्यायला हवी होती."

मग डॉक्टर माळग्यांकडं वळले. "या मॅडमचं म्हणणं आहे, की तुमच्या फोनमधला आवाज तुमचा नाही. दुसऱ्या, मेलेल्या माणसाचा आहे. खरं आहे का?"

इतकं सरळ. माळग्यांचा हात फोनवर होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि त्यांचा हात आपोआप फोनवरून मागं आला, विस्तवाला लागल्यासारखा.

"बाई, तुम्ही सांगा," डॉक्टर आक्काताईंना म्हणाले. "तुम्ही ओळखाल."

आक्काताई माझ्याकडं बघत नव्हत्या. नवऱ्याच्या त्या मागं आलेल्या हाताकडं बघत होत्या. त्यांनी तो हात उचलला आणि परत फोनवर ठेवला.

"खोटं बोलतीया ती पोरगी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता. "माझ्या मालकाचा आवाज मला कळंना व्हय? इतकी वरसं ऐकलाय मी. आसल्या पोरी कशापायी येत्यात हितं, आमच्या जिवाला घोर लावाय? लाज कशी वाटत न्हाई गं तुला?"

माळग्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. रागानं आलं. त्यांनी फोन उचलला आणि भराभर टाइप केलं. देसाईंचा मऊ, पोस्टमनचा आवाज खोलीत घुमला:

"तुझ्या बापाचा आवाज आसा कुनी मेलेल्याचा म्हटला आस्ता तर चाललं आस्तं का तुला?"

उदयन सरांनी मान खाली घातली. दुःख झाल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मला वाटतं तुम्ही काकांची माफी मागावी."

मी आक्काताईंकडं पाहिलं. त्यांनी आता माझ्याकडं बघितलं होतं. त्या नजरेत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या.

"चुकले मी, काका," मी म्हणाले. "माझा गैरसमज झाला. आवाज तुमचाच आहे."

तक्रार त्याच दिवशी निकालात निघाली. त्याची बातमी आमच्या क्षेत्रात फिरायला वेळ लागला नाही. नोकरीसाठी मला बरीच दारं वाजवावी लागली आणि शेवटी हे काम सोडून मी एका विमा कंपनीत हिशेबाच्या प्रोग्रॅमवर लागले. अजून तिथंच आहे. उदयन सरांची कंपनी मोठी झाली, आता बऱ्याच रुग्णालयांत त्यांची माणसं बसतात. निनाद त्यांचा भागीदार आहे.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. मी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रिक्षासाठी उभी होते. माळगे समोरच्या दुकानातून नातीसाठी खाऊ घेत होते. दुकानदाराला ते फोनवर काहीतरी सांगत होते आणि दुकानदार कौतुकानं ऐकत होता. आक्काताई रस्ता ओलांडून माझ्याकडं आल्या. मला वाटलं त्या माफी मागतील, नाहीतर मी तरी मागेन. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. नवऱ्याकडं नजर ठेवून, कुणाशी तरी वाटेत बोलावं तशा बोलल्या.

"लई खूश हाईत. आता दिसभर बोलत्यात. आन् अंथरुनाला पाठ टेकली की मग तर थांबतच न्हाईत. समदं जुनं काडत्यात, लग्नातलं, धाब्यावरनं फोन करायचं त्ये." त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मी भिंतीकडं त्वांड करून निजती. त्यास्नी वाटतं, मी रुसलीया."